मुलाखतीनं लीग हातची जाते का?

प्रश्न थोडक्यात असा. दोघा मित्रांचा वाद आहे. एकाचं म्हणणं, १९९६ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल प्रीमियर लीगमध्ये मँचेस्टर युनायटेडचा मॅनेजर (म्हणजे मुख्य प्रशिक्षक) ॲलेक्स फर्ग्युसननं न्यूकॅसलचा मॅनेजर केव्हिन कीगनला डिवचलं, कीगन कॅमेऱ्यासमोर भडकला आणि तिथेच न्यूकॅसलचं विजेतेपद गेलं. २००९ मध्ये लिव्हरपूलच्या राफा बेनिटेझचंही तेच झालं. दुसरा म्हणतो, हे सगळं पत्रकारांचं खाद्य आहे, सामने पाय जिंकतात, तोंड नाही. बरोबर कोण? आणि हल्लीचे मॅनेजर असे माइंड गेम, म्हणजे बोलून समोरच्याचं डोकं बिघडवायचे खेळ, का खेळत नाहीत?

मी बरीच वर्षं संघांना प्रशिक्षण दिलं आहे. विजेतेपदाच्या शर्यतीतले शेवटचे पाच-सहा आठवडे कसे असतात, हे बेंचवर बसून अनुभवलं आहे. त्यावरून सांगतो: पहिल्या मित्राचा घटनांचा क्रम चुकतोय. दुसऱ्याचं गुणतक्त्यापुरतं बरोबर आहे, पण ड्रेसिंग रूममध्ये शब्द काय करतात हे त्यानं पाहिलेलं नाही.

आधी १९९६ घेऊ, कारण हा वाद नेहमी तिथूनच सुरू होतो. जानेवारीत न्यूकॅसल १२ गुणांनी पुढे होतं. २१ फेब्रुवारीला वेस्ट हॅमनं त्यांना हरवलं. मग मँचेस्टर सिटीशी ३-३ बरोबरी. ४ मार्चला घरच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेडकडून ०-१. त्या रात्री पूर्वार्धात न्यूकॅसलनं युनायटेडला अक्षरशः कोंडून ठेवलं होतं, पण गोलमध्ये पीटर श्मायकेल पुरून उरला आणि उत्तरार्धात एरिक कँटोनानं मिळालेली संधी घेतली. पुढे आर्सेनलकडून हार. ३ एप्रिलला लिव्हरपूलच्या ॲनफील्ड मैदानावर ३-४, तो स्टॅन कॉलीमोरचा अखेरच्या क्षणाचा गोल, आणि जाहिरातीच्या फळीवर ओणवा झालेला कीगन. पाच दिवसांनी ब्लॅकबर्नमध्ये १-० अशी आघाडी असताना शेवटच्या पाच मिनिटांत दोन गोल खाल्ले. दोन्ही गोल ग्रॅहम फेंटनचे, आणि फेंटन मूळचा टाइनसाइडचा, म्हणजे न्यूकॅसलच्याच परिसरातला. एकूण ८ सामन्यांत ५ पराभव.

आता तारखा बघा. फर्ग्युसनचं ते गाजलेलं वक्तव्य १७ एप्रिलचं. त्या रात्री युनायटेडनं लीड्सला १-० असं कसंबसं हरवलं होतं. लीड्सच्या गोलकीपरला लाल कार्ड मिळालं होतं आणि लुकास राडेबे हा बचावपटू ग्लोव्ह्ज घालून गोलमध्ये उभा होता, तरी गोल होत नव्हता. फर्ग्युसनच्या बोलण्याचा रोख असा होता की लीड्सचे खेळाडू आमच्याविरुद्ध जीव तोडून खेळतात आणि एरवी आपल्या मॅनेजरला फसवतात. न्यूकॅसलविरुद्ध किती जोर लावतात ते बघू. त्या रात्रीचा गुणतक्ता: युनायटेड ७६, न्यूकॅसल ७३, न्यूकॅसल एक सामना कमी खेळलेलं. म्हणजे १२ गुणांची आघाडी तोवर संपून उलटी झाली होती.

कीगनची मुलाखत झाली २९ एप्रिलला. आपण सगळे एक गोष्ट विसरतो: ती जिंकलेल्या मॅनेजरची मुलाखत होती. कीथ गिलेस्पीच्या गोलवर न्यूकॅसल लीड्समध्ये १-० जिंकलं होतं. कानांवर मोठे हेडफोन, बोट थेट कॅमेऱ्याकडे रोखलेलं, आणि आवाज चढत चढत ते वाक्य: आम्ही त्यांना हरवलं तर मला फार आवडेल, फार आवडेल! त्यानंतर न्यूकॅसलचे दोन सामने उरले होते, नॉटिंगहॅम फॉरेस्टशी आणि टॉटनहॅमशी. दोन्ही १-१ बरोबरीत सुटले. युनायटेडनं मिडल्सब्रोमध्ये ३-० असा विजय मिळवला. शेवटचे गुण ८२ आणि ७८.

इथे थोडा हिशेब करा. न्यूकॅसलनं ते दोन्ही सामने जिंकले असते, तर (विजयाला तीन गुण, बरोबरीला एक) त्यांचेही ८२ गुण झाले असते. मग गोलफरक, म्हणजे केलेले वजा खाल्लेले गोल, बघावा लागला असता. युनायटेडचा होता ३८, न्यूकॅसलचा २९. दोन सामने मिळून नऊपेक्षा जास्त गोलांच्या फरकानं जिंकले असते तरच ट्रॉफी न्यूकॅसलला गेली असती. त्यामुळे मुलाखतीनं लीग घालवली, हे आकड्यांत बसत नाही. लीग गेली फेब्रुवारी ते एप्रिलच्या त्या सात आठवड्यांत. पण ८ सामने एका मिनिटाच्या क्लिपमध्ये मावत नाहीत आणि रोखलेलं बोट मावतं, म्हणून आपल्या लक्षात तेवढंच राहतं.

बेनिटेझचं प्रकरण तर याहून स्पष्ट आहे, आणि त्याच्यावर इतकी वर्षं अन्याय झालाय असं मला मनापासून वाटतं. ९ जानेवारी २००९. लिव्हरपूल अव्वल स्थानावर. बेनिटेझ पत्रकार परिषदेत खिशातून कागद काढतो आणि फर्ग्युसनबद्दलच्या तक्रारी एकेक करून वाचतो: पंचांवर तो काहीही बोलला तरी शिक्षा होत नाही, सामन्यांच्या वेळापत्रकावर कुरकुर करतो, वगैरे. प्रत्येक मुद्द्यागणिक ‘ही वस्तुस्थिती आहे’ हे पालुपद. दुसऱ्याच दिवशी स्टोकशी ०-०. पुढे एव्हर्टन आणि विगनशीही बरोबरी. झालं, तेव्हापासून ‘कागद वाचला आणि लीग गेली’ हे पक्कं होऊन बसलं.

आता आकडे. त्या दिवसाआधी लिव्हरपूलचे २० सामन्यांत ४५ गुण होते. त्यानंतरच्या १८ सामन्यांत ४१. सरासरी काढा: आधी सामन्याला २.२५, नंतर २.२८ च्या आसपास. कागद वाचल्यावर लिव्हरपूल किंचित का होईना, जास्तच चांगलं खेळलं. त्या १८ सामन्यांत एकच हार. मार्चमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर जाऊन त्यांनी युनायटेडला ४-१ असं लोळवलं. शेवटच्या ११ सामन्यांत १० विजय आणि आर्सेनलशी ती ४-४ ची बरोबरी. अख्ख्या हंगामात दोनच पराभव. तरीही युनायटेड ९०, लिव्हरपूल ८६.

कारण दुसऱ्या बाजूला युनायटेडनं ओळीनं १४ लीग सामन्यांत गोलच खाल्ला नाही. गोलकीपर एडविन व्हॅन डर सारचा गोल न खाण्याचा १३११ मिनिटांचा विक्रम त्याच काळातला. आणि ५ एप्रिल. आदल्या दिवशी लिव्हरपूल फुलहॅमला भरपाई वेळेतल्या गोलवर हरवून पुन्हा वर गेलं होतं. युनायटेड घरी ॲस्टन व्हिलाविरुद्ध १-२ असं मागे होतं. रोनाल्डोनं बरोबरी साधली आणि भरपाई वेळेत फेडेरिको माकेडा नावाच्या १७ वर्षांच्या, पहिलाच सामना खेळणाऱ्या पोरानं वळून चेंडू कोपऱ्यात घातला. लीगची दिशा कुठल्या क्षणी ठरली असं विचाराल, तर मी तो क्षण सांगेन.

मग बेनिटेझच्या त्या कागदानं काहीच नुकसान केलं नाही का? केलं असावं, पण वेगळ्या ठिकाणी. संघाचा कर्णधार स्टीव्हन गेरार्डनं नंतर लिहिलं आहे की ते टीव्हीवर बघताना तो शरमून गेला होता. माझ्या दृष्टीनं अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. मॅनेजर बोलतो तेव्हा समोर पत्रकार असतात, रोख प्रतिस्पर्ध्यावर असतो, पण सगळ्यात बारकाईनं ऐकतात ते त्याचे स्वतःचे खेळाडू. साहेबांचा आवाज कसा आहे? कापतोय का? ते आपल्याबद्दल बोलतायत की त्या दुसऱ्या माणसाबद्दल? खेळाडूंना शब्द फारसे आठवत नाहीत, पण चेहरा आठवतो. सोमवारी सरावाला येताना तो चेहरा डोक्यात घेऊन येतात.

उलट उदाहरण तेव्हाच्या बार्सिलोनाच्या प्रशिक्षकाचं, पेप गार्डिओलाचं आहे. ते लीगचं नाही, चॅम्पियन्स लीगच्या २०११ च्या उपांत्य फेरीचं. आठवडाभर आधी मोरिन्योच्या रेआल माद्रिदनं बार्सिलोनाला कोपा देल रेच्या अंतिम सामन्यात हरवलं होतं. मोरिन्यो रोज काहीतरी टोचून बोलत होता आणि गार्डिओला कित्येक महिने गप्प होता. २६ एप्रिलला तो बोलला. सार असं की या खोलीत, म्हणजे पत्रकार परिषदेत, मोरिन्योच बादशहा आहे, इथे मला त्याच्याशी स्पर्धा करायचीच नाही. उद्या रात्री पावणेनऊला मैदानात भेटू. भाषा शिवराळ होती, राग खरा होता. पण त्यानं ठेवलेला शेवटचा शब्द मैदान हा होता. खेळाडूंना त्यातून निरोप मिळाला की इथली लढाई मी संपवली, तुम्ही तुमचं बघा. दुसऱ्या दिवशी मेस्सीचे दोन गोल, बार्सिलोना २-०. बोलण्यामुळे गोल झाले असं मी म्हणणार नाही, रेआलच्या पेपेला लाल कार्डही मिळालं होतं. पण माझ्या मॅनेजरनं भडकायचंच असेल तर असं भडकावं, असं खेळाडू म्हणून मला वाटलं असतं.

आता दुसऱ्या मित्रासाठी. शब्द खेळाडूच्या पायांपर्यंत पोहोचतात, आणि ते कसे पोहोचतात हे मी एकदा फार जवळून बघितलं आहे.

लीगचे चार सामने उरले होते आणि आम्ही दोन गुणांनी मागे होतो. पुढचा सामना अव्वल संघाशीच. दोन दिवस आधी त्यांच्या प्रशिक्षकानं आमच्या डाव्या बचावपटूचं कौतुक केलं: “पोरगा फार चांगला आहे. वर जातो तेव्हा पाठीमागे जागा सोडतो, पण ते सगळ्यांनाच माहीत आहे.” बस, एवढंच. शिवी नाही, टोमणा नाही. मी संघाला म्हणालो, “असल्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका,” आणि सरावाला लागलो. तेव्हा मला तेच शहाणपणाचं वाटलं होतं.

पूर्वार्धात तो मुलगा मध्यरेषा ओलांडून पुढे गेलाच नाही. त्याच्या पाठीमागून एकही हल्ला झाला नाही, कारण तो पाठ सोडतच नव्हता. पण आमचे निम्मे क्रॉस, म्हणजे बाजूनं गोलसमोर टाकलेले चेंडू, त्याच्याकडून यायचे आणि ती बाजू आता मेली होती. मध्यंतराला तो बाकाच्या टोकाला बसून मोजे खाली करून घोट्याची टेप सोलत होता. मान वर न करता विचारलं, “सर, मी मागे राहिलो ते बरोबर केलं ना?” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या प्रशिक्षकाला त्या जागेवर हल्ला करायचाच नव्हता. एका वाक्यात त्यानं आमचा डावा हात बांधून टाकला होता. सामना ०-० सुटला. आम्हाला विजय हवा होता.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे: माइंड गेम लागतो तो खोट्यानं नाही, खऱ्यानं. समोरच्याला आधीपासून ठाऊक असलेली, रात्री छतावर दिसणारी गोष्ट कुणीतरी मोठ्यानं बोलून दाखवतो. एरवी पाय जे काम आपोआप करतात, त्यावर डोकं पहारा द्यायला लागतं आणि अर्धं पाऊल उशीर होतो. ‘विचार करू नकोस’ असं सांगितल्यानं विचार जात नाही, उलट चिकटतो. आणि दुसरं, वार नेहमी नाव घेतलेल्या माणसावर नसतो. फर्ग्युसनच्या त्या वाक्याकडे पुन्हा बघा. कीगनचा संताप आपल्याला दिसतो, पण वाक्याचा पहिला श्रोता होता लीड्सचा ड्रेसिंग रूम. आता न्यूकॅसलविरुद्ध ढिलं खेळाल तर लोक काय म्हणतील ते बघा, असा तो निरोप होता. कीगनला लागलं ते वेगळ्या जागी. स्टुअर्ट पीअर्सच्या सन्मानार्थ हंगामानंतर सामना खेळायचं न्यूकॅसलनं कबूल केलं होतं, आणि त्याआधी त्याच पीअर्सच्या फॉरेस्टशी त्यांचा लीग सामना होता. फर्ग्युसननं तेही मधे आणलं. दुसऱ्या संघांच्या प्रामाणिकपणावर शंका घेणं कीगनला सहन झालं नाही. तो चिडला म्हणून मला तो आजही कमी वाटत नाही. एका सरळ माणसाला जे जिव्हारी लागावं, तेच त्याला लागलं.

सगळ्यात कसबी माइंड गेम मात्र मी मँचेस्टर सिटीचा तेव्हाचा मॅनेजर रॉबर्टो मॅन्चिनीचा मानतो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. ८ एप्रिल २०१२ ला मँचेस्टर सिटी आर्सेनलकडून ०-१ हरलं. युनायटेड ८ गुणांनी पुढे, सामने सहा. मॅन्चिनी शांतपणे सांगू लागला की शर्यत संपली, युनायटेड जिंकणार. जिंकत राहिला तरी तेच पालुपद. आता ओझं कुणाच्या खांद्यावर? सिटीच्या खेळाडूंना गमावण्यासारखं काही उरलं नाही आणि युनायटेडला मिळवण्यासारखं काही उरलं नाही, फक्त सांभाळायचं राहिलं. युनायटेड विगनमध्ये हरलं, एव्हर्टनविरुद्ध ४-२ अशी आघाडी असताना ४-४ वर अडकलं, आणि डर्बीत, म्हणजे सिटीविरुद्धच्या शहरातल्या सामन्यात, व्हिन्सेंट कॉम्पनीच्या हेडरनं ०-१. सिटीनं सहाच्या सहा सामने जिंकले. शेवटचा क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध, सर्जिओ अग्वेरोच्या भरपाई वेळेतल्या गोलवर. दोघांचे ८९ गुण, सिटीचा गोलफरक ८ नं जास्त. यात मॅन्चिनीच्या बोलण्याचा वाटा किती हे मोजता येणार नाही, पण त्यानं स्वतःच्या पोरांच्या छातीवरचा दगड उचलला, हे कुठलाही प्रशिक्षक ओळखेल. २०१५-१६ मध्ये लेस्टरचा मॅनेजर क्लॉडिओ रानिएरी महिनोन् महिने ‘आधी ४० गुण होऊ देत’ (म्हणजे खालच्या लीगमध्ये घसरायचं टळू दे) एवढंच म्हणत राहिला, तोही याच घराण्यातला. तोवर चेल्सीला आलेल्या मोरिन्योचं २०१४ मधलं ‘आम्ही तर दूध पिणारं छोटं घोडं’ हेही त्याच जातीचं, फक्त ते कुणाला खरं वाटलं नाही. चेल्सी तिसरं आलं.

उत्तर द्यायचंच तर आर्सेनलच्या आर्सेन वेंगरसारखं द्यावं. २००२ मध्ये फर्ग्युसन म्हणाला की आमचाच संघ सगळ्यात भारी. वेंगरला विचारलं तर तो म्हणाला, प्रत्येकाला आपल्याच घरची बायको सगळ्यात सुंदर वाटते. एक ओळ, हसू, विषय संपला. आर्सेनलनं शेवटचे १३ लीग सामने ओळीनं जिंकले आणि विजेतेपद युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवरच नक्की केलं.

हल्लीचं विचारलंत. खेळ कमी झालाय, पण गेलेला नाही. सामन्याआधी नेमलेल्या पंचांबद्दल बोलायला इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं बंदी घातली, तिथे एक मोठं दार बंद झालं. शिवाय मॅनेजर काहीही बोलला की पाच मिनिटांत ते खेळाडूंच्या फोनवर असतं, दोन्ही संघांच्या. त्यामुळे उलटण्याची भीती जास्त. नोव्हेंबर २०१९ मध्ये लिव्हरपूलशी गाठ पडण्याच्या आठवडाभर आधी गार्डिओला, आता सिटीचा मॅनेजर, बोलून गेला की लिव्हरपूलचा सादिओ माने कधी मैदानात लोळण घेतो, तर कधी शेवटच्या मिनिटाला अफाट गोल करतो. ॲनफील्डवर लिव्हरपूल ३-१ जिंकलं. तिसरा गोल मानेचा, लांबच्या खांबाशी झेपावत मारलेल्या हेडरनं.

आणि लिव्हरपूलचा युर्गन क्लॉप आणि सिटीचा गार्डिओला यांच्या काळातली सगळ्यात घासून झालेली शर्यत बहुतांशी एकमेकांचं कौतुक करतच झाली. २०१८-१९ मध्ये सिटी ९८, लिव्हरपूल ९७. जानेवारीतल्या सामन्यात जॉन स्टोन्सनं रेषेवरून बाहेर काढलेला चेंडू गोल व्हायला ११.७ मिलिमीटर कमी पडले, आणि सिटी २-१ जिंकलं. तुमच्या पहिल्या मित्राला मी हा हंगाम पुन्हा बघायला सांगेन. ताण कमी होता असं त्याला कुठल्याही मिनिटाला वाटणार नाही.

माझ्या डाव्या बचावपटूचं पुढे काय झालं तेही सांगतो. पुढच्या हंगामात त्याच प्रशिक्षकानं जवळपास तेच वाक्य पुन्हा टाकलं. या वेळी मी ते लक्ष देऊ नका म्हणून झटकलं नाही. सरावाआधी सगळ्यांना गोल बसवलं, वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं आणि त्या मुलाला म्हणालो, “खरं आहे. तू वर गेलास की मागे जागा पडते. कुणाची ती?” तो काही बोलायच्या आत आमचा सहा नंबर, म्हणजे बचावफळीपुढचा मिडफिल्डर, म्हणाला, “माझी, सर. हा गेला की मी सरकतो.” डावा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, म्हणाला, “मग मधलं मी बघतो.” दोन मिनिटंही लागली नाहीत. मुलगा बुटांच्या नाड्या बांधत होता, मान वर करून त्यानं सहा नंबरकडे बघितलं आणि उठला. आम्ही कॉर्नरच्या सरावाला लागलो.